रोमच्या वाटेवरची बंडी

२०२३ च्या एप्रिलमध्ये इजिप्तहून आलेली एक बातमी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी फोटोसकट छापली होती. तांबड्या समुद्राच्या काठी बेरेनिके नावाचं ओसाड पडलेलं बंदर आहे. पोलिश आणि अमेरिकन पुरातत्त्वज्ञ तिथे बरीच वर्षं खणताहेत. इसिस देवीच्या मंदिराच्या आवारात त्यांना बुद्धाची संगमरवरी मूर्ती मिळाली. उंची ७१ सेंटिमीटर, डोक्यामागे किरणांची प्रभावळ, शेजारी कमळ. दगड इस्तंबूलच्या दक्षिणेकडचा, घडण बहुधा इजिप्तमधलीच. बुद्ध आणि इजिप्त एका चौकटीत आल्यावर मथळा काय द्यायचा याची कुणाला चिंता नव्हती. बातमीच्या शेपटाकडे मात्र फारसं लक्ष गेलं नाही. त्याच मंदिरात इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली दोन सातवाहन नाणीही निघाली होती.

मला अप्रूप वाटलं ते त्या नाण्यांचं. मूर्ती कुणीतरी मुद्दाम करवून घेतो, नवस म्हणून वाहतो. नाणं कुणाच्या तरी कनवटीला राहून जातं. सातवाहनांच्या राज्याबाहेर, तेही समुद्रापलीकडे, त्याला बाजारात काडीची किंमत नसणार. तरी ते तिथवर पोचलं, म्हणजे ते बाळगणारा माणूस पोचला होता, किंवा त्याच्याशी व्यवहार केलेला दुसरा कुणी.

ही बातमी यवतमाळ जिल्ह्यात बसून वाचण्यात वेगळी गंमत आहे. यवतमाळला लागून दारव्हा रस्त्यावर लोहारा आहे. आज त्याची ओळख एमआयडीसीची, आणि जुनं काय विचाराल तर कमलेश्वराचं हेमाडपंती देऊळ. हाच रस्ता धरून दारव्हा, कारंजा मागे टाकत मंगरुळपीरकडे गेलं की तऱ्हाळा लागतं. आता वाशीम जिल्ह्यात, तेव्हा अकोल्यात. १९३९ मध्ये तिथे सातवाहन नाण्यांचा मोठा साठा हाती लागला, दीड हजारांवर नाणी. नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी ती वाचून प्रसिद्ध केली. पोटीन नावाच्या मिश्रधातूची ही नाणी, एका बाजूला सोंड उचललेला हत्ती, दुसऱ्या बाजूला चार गोलांचं उज्जैन चिन्ह. त्यांत कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी पुराणांच्या वंशावळीत नसलेली नावं निघाली. पुराणांनी गाळलेले राजे वऱ्हाडातल्या नाण्यांनी परत आणले. नाशिकच्या लेण्यातल्या गौतमी बलश्रीच्या लेखात तिच्या मुलाच्या, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या, मुलखांची यादी आहे, तीतही ‘विदभ’ आहेच. तेव्हा बेरेनिकेत निघालेली नाणी ज्या राज्याची, त्या राज्यात आपला मुलूख होता याबद्दल वाद नाही. वाद आहे तो पुढचा. रोमशी चाललेल्या व्यापारात या मुलखाचा हात किती?

महाराष्ट्र आणि रोम ही गोष्ट आपल्याकडे नेहमी किनाऱ्यावरून सांगितली जाते. सोपारा, कल्याण, चौल, नाहीतर मग घाटमाथ्यावरची लेणी. विदर्भाचं नाव त्यात येत नाही, आणि आलंच तर तळटीपेत. याचं एक कारण असं की, ही गोष्ट सांगणारं सगळ्यात जुनं पुस्तक एका खलाशाच्या नजरेनं लिहिलेलं आहे. ‘पेरिप्लस’ हे ते पुस्तक. पहिल्या शतकाच्या मध्याला इजिप्तमध्ये राहणाऱ्या, ग्रीक लिहिणाऱ्या कुणा व्यापाऱ्यानं केलेली ही बंदरांची टिपणवही. कुठल्या बंदरात काय खपतं, काय मिळतं, वारा कधी धरायचा, खडक कुठे आहेत. भडोचला इटलीची दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळं, कच्ची काच खपते, असं तो लिहितो. राजासाठी चांदीची भांडी, गाणारी मुलं आणि जनानखान्यासाठी सुंदर मुली न्यायच्या, हेही त्याच दमात सांगून टाकतो. सभ्यतेचा बुरखा नाही, सगळा रोखठोक हिशेब.

पण हाच माणूस एका ठिकाणी जमिनीवर येतो. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असं तो म्हणतो. पैठणहून अकीक येतो, तगरहून साधं कापड, नाना तऱ्हेची मलमल आणि आसपासचा इतर माल. हा माल गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मोठ्या मुलखातून भडोचला नेतात. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर, हे अभ्यासक फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडलं आणि ते टिकलं. (त्या जिल्ह्यातही एक लोहारा आहे, आणि तो तालुक्याचा गाव. बाहेरच्या माणसाला आमचा लोहारा सांगायचा तर दर वेळी यवतमाळचं नाव जोडावं लागतं.)

गाड्या आणि वाट नसलेला मुलूख. खलाशाला एवढंच ठाऊक. गाडी कुणाची, बैल कुणाचे, कापड कुणी विणलं, कापूस कुठल्या काळीतला, हे त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्यानं विचारलंही नाही. आपल्या भागातली बंडी लादून दिवसाला वीस किलोमीटर धरली, तर यवतमाळहून पैठणला सतरा-अठरा दिवस लागतील, आणि तिथून भडोच आणखी वीस. हा हिशेब माझा आहे, पेरिप्लसचा नाही. पण त्यातून एक गोष्ट उलगडते. इजिप्तहून जहाजं जुलैत निघत, पावसाचा वारा धरून सप्टेंबरच्या सुमाराला आपल्या किनाऱ्यावर येत, आणि वारा उलटला की नोव्हेंबरनंतर परतीला लागत. आपला कापूस फुटतो दसरा-दिवाळीला. म्हणजे त्या वर्षी वेचलेला कापूस त्या वर्षीच्या जहाजावर कापड होऊन चढणं शक्यच नव्हतं. वेचणी, सरकी काढणं, पिंजणं, कातणं, विणणं, मग वाट. माल आदल्या वर्षीच्या वेचणीचा. जहाजाचा हंगाम दोन महिन्यांचा, आणि त्याच्यामागे गावागावांतलं वर्षभराचं काम.

माल इतक्या लांब भडोचलाच का न्यायचा? नाणेघाट उतरलं की कल्याण जवळ. त्याचंही उत्तर पेरिप्लसमध्ये आहे. कल्याणचं बंदर पूर्वी मोकळं होतं, पण आता तिथे ग्रीक जहाज चुकून जरी लागलं तरी पहारा देऊन ते भडोचला नेतात, असं तो लिहितो. भडोच तेव्हा ‘मंबानोस’ राजाच्या ताब्यात, आणि हा मंबानोस म्हणजे क्षहरात क्षत्रप नहपान असं बहुतेक अभ्यासक मानतात. सातवाहनांचं आणि त्याचं हाडवैर. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीनं त्याला हरवलं, आणि त्याची नाणी आटवण्याचीही तसदी न घेता वर आपला छाप मारून चालवली. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला तेरा हजारांवर चांदीची नाणी मिळाली, त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर असा दुहेरी छाप आहे. नहपानाच्या नाण्यावर त्याच्या मुखवट्याभोवती लेख कुठल्या लिपीत आहे? ग्रीक. मागच्या बाजूला ब्राह्मी आणि खरोष्ठी. ती ग्रीक अक्षरं साचा करणाऱ्याला धड कळत नव्हती, हे त्यांच्याकडे पाहिलं की दिसतं. पण नाण्यावर ग्रीक असलं की ते खरं, असा बाजाराचा समज असावा. नोटेवरची सगळी अक्षरं आपण तरी कुठे वाचतो?

आता ‘रोमन’ म्हणून जे सापडलं, त्याचं अलीकडे काय झालं ते पाहू. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत खरी घुसळण तिथे झाली आहे.

स्वातंत्र्याच्या आगेमागे रोमन वस्तूंचा मोठा दबदबा होता. १९४५ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी पुद्दुचेरीजवळ अरिकमेडू खणलं आणि रोमन भांड्यांवरून दक्षिण भारताच्या थरांना तारखा दिल्या. त्यानंतर खापर जरा परकं दिसलं की रोमन ठरवायचा प्रघात पडला. दोन कानांच्या, निमुळत्या बुडाच्या दारूच्या बुधल्यांना अँफोरा म्हणतात. नेवाश्याला १९५४ ते १९५६ मध्ये सांकलिया, देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केलं, तिथे अशा बुधल्यांचे तुकडे मिळाले. मग ठिकठिकाणचे मिळू लागले, आणि दख्खनचे लोक इटलीची दारू पीत होते, असं चित्र तयार झालं. २००७ मध्ये रोबर्टा टॉम्बर या अभ्यासिकेनं भारतातल्या ठिकठिकाणच्या अशा खापरांची नव्यानं तपासणी प्रसिद्ध केली. तिला काय दिसलं? यांतली बरीच खापरं भूमध्य समुद्राकडची नव्हतीच. ती इराक-इराणच्या बाजूच्या ‘टॉर्पेडो’ रांजणांची होती. कान नाहीत, अंग लांबट, आतून डांबराचा लेप, आणि काळही बहुतेक नंतरचा, सासानी आणि त्यापुढचा. डांबराचा तो काळा थर खापराच्या आतल्या अंगाला अजूनही चिकटलेला असतो. इतकी वर्षं तो दिसत होता, पण शोधणाऱ्याला रोम हवं होतं.

यानं रोमचा व्यापार खोटा ठरत नाही. अस्सल अँफोराही आहेतच. पण इराणी आखाताकडची वाट आपण रोमच्या खात्यावर टाकत होतो, ती वेगळी काढावी लागली.

कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४० च्या दशकात सापडलेला काश्याच्या वस्तूंचा साठा अस्सल आहे. त्यात ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन आहे, इटलीच्या घडणीचा कुंभ आहे, आरसा आहे. १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे रीतसर उत्खनन केलं. पोसायडन कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. पंचगंगेकाठच्या गावात समुद्राचा देव. पण त्या साठ्यात शंभराच्या आसपास वस्तू होत्या आणि परदेशी त्यांतल्या थोड्याच. बाकीचं सगळं इथलं. वर्षानुवर्षं आपण त्या थोड्यांवर लिहीत आलो.

उलट दिशेचं उदाहरण पाँपेईचं. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या शहरात १९३८ मध्ये हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून जालना जिल्ह्यातलं भोकरदन खणलं. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या त्या उत्खननात हस्तिदंती मूर्तीचा खालचा भाग निघाला, पाँपेईच्या मूर्तीशी बराच मिळताजुळता. तेरलाही त्याच धाटणीची हस्तिदंती मूर्ती आहे. म. के. ढवळीकरांनी पाँपेईची मूर्ती भोकरदनला घडली असावी असं मांडलं. पाँपेईच्या मूर्तीवर खरोष्ठी अक्षर आहे, ती लिपी वायव्येकडची, म्हणून काही जण ती तिकडची म्हणतात. मला ढवळीकरांचा कौल पटतो, पण तो सिद्ध झाला असं म्हणवत नाही. माल दख्खनचा आणि खूण वायव्येच्या कुणा व्यापाऱ्याची, हेही होऊ शकतं. वस्तू एका हाताची नसतेच.

माणसांचंही तेच. कार्ल्याच्या चैत्यातल्या खांबांवर ‘धेनुकाकटाचा यवन’ अमुक, याने हा खांब दिला, असे लेख आहेत. यवन म्हणजे ग्रीक, मग हे रोमन साम्राज्यातून आलेले व्यापारी, असं सरळ गणित पूर्वी मांडलं जाई. पण नावं पाहा: धम्म, यसवधन, सिहधय. लेख ब्राह्मीत, भाषा प्राकृत, दान बौद्ध संघाला. जुन्नरला इरिल नावाचा यवन पाण्याच्या टाक्या देतो. हे नाव मात्र इथलं वाटत नाही. नाशिकला इंद्राग्निदत्त नावाचा योनक स्वतःला उत्तरेकडचा, दात्तामित्रीचा म्हणवतो आणि लेणं कोरवतो. हे सगळे एका छापाचे नाहीत. कुणी पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेले, कुणी बाल्ख-सिंधकडून उतरलेले, कुणी कदाचित खरेच जहाजावरून आलेले. आणि गंमत म्हणजे बलश्रीचा लेख तिच्या मुलाला शक-यवन-पल्हवांचा निःपात करणारा म्हणून गौरवतो. राजाची आई यवनांना मारल्याचं कोरवते, यवन लेण्याला खांब देतात, आणि दोन्ही एकाच काळाच्या अलीकडे-पलीकडे. राजदरबारची भाषा आणि बाजाराची भाषा वेगळी होती, इतकाच याचा अर्थ. दरबारच्या त्या भाषेत आपला मुलूखही डोकावतो: कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त सिंधूकाठी यवनांशी झालेली लढाई आहे आणि विदर्भाचं युद्धही आहे; शेवटी विदर्भाचे दोन वाटे होतात आणि मध्ये सीमा ठरते वरदा, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या कडेनं वाहणारी वर्धा.

समुद्र ओलांडणारे सगळे परके होते, हा समजही सुटत चालला आहे. येमेनजवळच्या सोकोत्रा बेटावर होक नावाची खोल गुहा आहे. बेल्जियन संशोधकांना तिथे सुमारे दोनशे कोरीव-लिखित लेख मिळाले. इंगो श्ट्राउख यांच्या संपादनाखाली ते २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. बहुतेक ब्राह्मीत आहेत. खलाशांनी, व्यापाऱ्यांनी आपली नावं लिहून ठेवली आहेत, आणि काहींनी पुढे गाव जोडलं आहे: भरुकच्छ, म्हणजे भडोच. गडाच्या भिंतीवर नाव खरडणाऱ्यांवर आपण चिडतो, पण ही सवय इतिहासाच्या कामी आलेली आहे.

आणि कापूस? बेरेनिकेच्या उकिरड्यांत, कोरड्या हवेमुळे, दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिंध्या टिकून आहेत. जॉन पीटर वाइल्ड आणि फेलिसिटी वाइल्ड या दाम्पत्यानं त्या एकेक करून तपासल्या. त्यांची पहिली खूण अगदी साधी, धाग्याचा पीळ. धागा उभा धरला की पिळाची तिरकी रेघ एक तर वर उजवीकडे चढते किंवा वर डावीकडे. इजिप्तमध्ये जवसाचा धागा परंपरेनं डावीकडे पिळत. भारतातलं सुती सूत उजव्या पिळाचं. बेरेनिकेच्या सुती चिंध्यांत उजव्या पिळाच्या भरपूर निघाल्या. काही तर शिडाच्या कापडाच्या, जोडपट्ट्यांसकट. रोमन काळातलं जहाज इजिप्तच्या धक्क्याला लागत होतं ते भारतातल्या कापसावर वारा भरून. त्याच बंदरातल्या मंदिरात भारतीय रांजणात साडेसात किलो काळी मिरीही निघाली. मिरीचं कौतुक सगळ्यांना; शिडाचं मला जास्त वाटतं.

इथेही घाई नको. कापूस म्हणजे भारतच, असं नाही. इजिप्तच्या दक्षिणेकडच्या कस्र इब्रिममधल्या जुन्या कापसाचा डीएनए तपासला तेव्हा तो आफ्रिकेतल्या जातीचा निघाला. शिवाय बेरेनिकेची चिंधी गुजरातची, दख्खनची की वऱ्हाडची, हे पीळ सांगत नाही. आज आमच्या शेतात उभा असलेला संकरित बीटी कापूस अमेरिकन वंशाचा; तेव्हाचा देशी, आखूड धाग्याचा. तेव्हा ‘रोमनं यवतमाळचं पांढरं सोनं नेसलं’ असा मथळा कुणी दिला तर त्याला पुरावा मागावा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यवतमाळ–मूर्तिजापूर ‘शकुंतला’ रेल्वे कापसासाठीच टाकली, तिची कागदपत्रं आहेत. सातवाहन काळातल्या बंडीची नाहीत.

लोखंडाची बाजू मात्र विदर्भासाठी अधिक भक्कम आहे. पेरिप्लसमध्ये आफ्रिकेच्या अदुलिस बंदरात उतरणाऱ्या मालात ‘अरिआके’च्या आतल्या भागातून आलेलं भारतीय लोखंड, पोलाद आणि सुती कापड एकत्र नोंदलं आहे. अरिआके म्हणजे साधारण गुजरात आणि त्याला लागलेला मुलूख. विदर्भ त्याच्याही आत. नागपूरकडे नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी मिळाली, ती या नोंदीच्या सातशे वर्षं आधीची. टाकळघाट, माहुरझरी इथल्या शिळावर्तुळांत कुऱ्हाडी, खंजीर, घोड्याचा साज. माहुरझरीला अकिकाच्या मण्यांचा उद्योग होता. लोखंड आणि अकीक, दोन्ही माल पेरिप्लसच्या यादीत आहेत. एवढ्यावरून पावती फाडता येत नाही, पण शोध कुठे घ्यायचा ते कळतं.

तो घ्यायचा पांढरीत. आपल्या गावरहाटीत जमिनीचे दोन भाग, काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. शेकडो वर्षांची घरं पडून, राख-शेण-माती मुरून टेकाड वाढतं, माती भुरकट होते. गाव उठलं तर त्याचं रीठ होतं. पहिला पाऊस पडून गेला की अशा रिठावर खापरं धुऊन वर येतात. एखादं हातात घेतलं तर बाहेरून तांबडं, आतून आणि काठाला काळं दिसतं. भांडं भट्टीत पालथं ठेवून भाजलं की आत हवा पोचत नाही, तिथे ते काळं पडतं. लोहयुगापासून सातवाहनांपर्यंत ही पद्धत विदर्भात चालली. लोक त्याला पांडवांच्या काळातलं म्हणतात. काळ चुकतो, पण जुनं आहे हे त्यांना कळलेलं असतं.

बाभुळगाव तालुक्यातल्या पाचखेडला असंच टेकाड आहे. नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागानं प्रभाष साहू यांच्या नेतृत्वाखाली २०२३-२४ मध्ये ते खणलं. तळाशी सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची लोहयुगीन वस्ती, खांबांच्या खुणा असलेलं घर, चूल, लोखंडी वस्तू, मणी. त्यावर सातवाहन, त्यावर मध्ययुग, अगदी वर निजामाच्या काळातला टेहळणीचा बुरूज. आपल्या जिल्ह्याचा एवढा सलग ताळेबंद एका टेकाडात. बातम्या झाल्या त्या तीन हजार वर्षांच्या. मला उत्सुकता मधल्या सातवाहन थराची. तिथे रोमन नाणं मिळण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. तशी नाणी महाराष्ट्रात एकूणच कमी, ती तमिळनाडू-आंध्रात. तेर आणि तेलंगणातल्या कोंडापूरला तर रोमन नाण्याचा छाप मातीत उठवून, भाजून, गळ्यात घालायच्या चकत्या केल्या होत्या. शोधायला हव्यात सूत कातायच्या मातीच्या चात्या, जळून कोळसा झालेली सरकी, मण्याला भोक पाडताना फुटलेले अकिकाचे तुकडे, लोखंडाचा मळ. माती पाण्यात ढवळून बारीक चाळणीतून काढली तर बिया हाती लागतात. काम कंटाळवाणं, फोटोला निरुपयोगी. पण बंडीत काय लादलं होतं ते त्यातूनच कळणार.

वेळ फार आहे असंही नाही. बुलडाणा जिल्ह्यातलं भोन, डेक्कन कॉलेजच्या भा. च. देवतरे यांनी खणलेलं, विटांचा स्तूप असलेलं ठिकाण, पूर्णेवरच्या जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात आहे. बाकीची टेकाडं धरणाशिवायच संपताहेत. पांढरीची माती खताला चांगली, भिंती सारवायला चांगली, भरावालाही चालते. पूर्वी ती टोपलीनं जायची, आता जेसीबीनं. गाडलेलं धन सापडलं तर १८७८ चा निखात निधी कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही मिळालं तर जिल्हाधिकाऱ्यांना वर्दी द्यावी लागते. चाती, खापर आणि जळकी सरकी दहा रुपयांच्या वर जात नाहीत, म्हणून ती मातीबरोबर ट्रॉलीत जातात, आणि त्याबद्दल कुणाला काही कळवावं लागत नाही.